माज

‘गाय माजावर आली’ असे गोठ्यात कोणी म्हटले, तर त्यात ग्राम्य काहीच नसते. वळूकडे नेण्याची ती वेळ सुमारे 21 दिवसांनी फिरून येते आणि पुरता दिवसही टिकत नाही. चुकली की तीन आठवडे वाया. शहरी सभ्यतेला मात्र ‘माज’ म्हटले की उद्दामपणाच तेवढा आठवतो, आणि शब्द उच्चारताना ती संकोचते.

वस्तुतः त्याचे कुळ थोर आहे. संस्कृत ‘मद्’ धातूचे ‘माद्यति’, त्याचे प्राकृतात ‘मज्जइ’ आणि मराठीत ‘माजणे’. त्याच धातूच्या ‘मत्त’ या रूपापासून आपले ‘मातणे’ आले. हत्तीच्या गंडस्थळातून झरतो तोही ‘मद’च. गंमत अशी, की फारसीतील ‘मस्त’ हा या ‘मत्त’चा सख्खा भाऊ, संस्कृतातील ‘त्त’च्या जागी तिकडे ‘स्त’ आला, इतकाच भेद. अकबराच्या पीलखान्यातील हत्तींचे सात वर्ग अबुल फजलने ‘आईने अकबरी’त सांगितले आहेत, त्यांतील पहिला ‘मस्त’.

उत्तरेकडे नोकरीस असलेल्या वाचकांनी माहुताच्या तोंडी ‘मस्ती’ ऐकली असेल. ती परकी नव्हे. गावाकडच्या गोठ्यातील माजाचीच ती चुलतबहीण.