फळांच्या साली आणि चांदीचे कण

पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत-खालापूरच्या रानातली जांभळे, करवंदे बाजारात येतात. गर आपण खातो; साली, बिया आणि नासकी फळे उकिरड्यावर जातात. अशा टाकाऊ भागापासून चांदीचे अतिसूक्ष्म, जंतुनाशक कण बनवता येतात, असे हल्ली वाचायला मिळते. ही कल्पना आली कोठून?

१८५७ साली मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव मिळवला. तो रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांचा होता. १९५१ साली टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सायट्रेट वापरून असे कण बनवण्याची रीत बारकाईने अभ्यासली. सायट्रेट हा सायट्रिक आम्लाचा क्षार. हे आम्ल शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून वेगळे केले होते. म्हणजे फळातले रसायन या कामात तेव्हाच शिरले होते.

पुढची पावले घाटापलीकडे पुण्यात पडली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने सोन्या-चांदीचे कण बनवले. २०१० मध्ये पुणे विद्यापीठातील संशोधकांनी केळीच्या सालीच्या अर्काने चांदीचे कण बनवून त्यांचा बुरशी आणि जिवाणूंवरील परिणाम तपासला.

यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदीच्या प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. सालीतील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये तो देतात. मग चांदीचे अणू एकत्र येऊन कण बनतात आणि द्रावण पिवळसर तपकिरी होते. इलेक्ट्रॉन देण्याच्या याच गुणामुळे ही द्रव्ये ऑक्सिडीकरणही रोखतात. त्यांतली काही कणांना चिकटून राहतात आणि त्यांचा गोळा होऊ देत नाहीत.

मात्र ‘कचऱ्यातून औषध’ असे म्हणण्याची घाई नको. चांदी सालीतून येत नाही. सिल्व्हर नायट्रेट विकतच आणावे लागते. फळाची जात आणि पक्वता बदलली की अर्क बदलतो, आणि दर वेळी सारखेच कण मिळवणे अवघड होते. बशीत जिवाणू मेले म्हणजे रुग्ण बरा झाला, असेही नव्हे. शिवाय चांदी उपयोगी आणि अपायकारक जिवाणूंत फरक करत नाही. धुवून टाकलेले कण उल्हास किंवा पाताळगंगेत गेले, तर तिथल्या जीवांचे काय, हाही प्रश्न याच संशोधनाचा भाग मानायला हवा.

वर्गात चांदीची गरज नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी द्रावणात आवळ्याचा रस थेंबथेंब घालावा. रंग जातो, कारण रसातील द्रव्ये परमँगनेटला इलेक्ट्रॉन देतात. मग आवळ्याऐवजी लिंबाची, केळीची, जांभळाची साल पाण्यात उकळून, गाळून पाहावी. जांभळाचा स्वतःचा रंग मध्ये आला, तर काय करायचे? ते मुलांनाच ठरवू द्यावे.