केसबुकातलं एक पान

सकाळी आठच्या आत नाशिकच्या गंगापूर रोडवर रिक्षांतून नर्सिंग ब्युरोच्या मावश्या उतरतात. सोमेश्वरकडे जाणाऱ्या या रस्त्यावरच्या कितीतरी फ्लॅटांत मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, आणि घरी आई-वडील. त्यांना अंघोळ घालायला, कुशीवर वळवायला बारा तासांची मावशी. आमच्या इमारतीत नर्सिंगच्या चार मुली भाड्याने राहतात. पुढे काय करणार विचारलं की आयसीयू, लेबर रूम, परदेश. म्हाताऱ्या माणसांचं काम एकीनेही सांगितलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. आमचं नर्सिंगचं शिक्षणच तसं घडत आलं.

१८८५ साली डफरिन फंड निघाला तो बायकांच्या औषधपाण्यासाठी. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि पुढे तरुण विधवा ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाला हात लावणं, त्याचा बेडपॅन उचलणं तेव्हाच्या घरांना सोसणारं नव्हतं. बाळंतिणीजवळ शिकलेली बाई हवी, हे मात्र पटत होतं. म्हणून आमच्या कोर्सच्या नावातच बाळंतपण आहे: जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, तेव्हा देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. म्हातारपणाचा वेगळा विचार कोण करणार?

मी १९७४ साली नर्सिंग शिकायला गेले. प्रत्येक बाळंतपण केसबुकात लिहायचं, सिस्टर-ट्यूटरची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. मेल वॉर्डात गिरणाऱ्याचे एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ धुऊन स्पिरिट-पावडर लावायची, हे वर्गात शिकवलेलं. वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, "ते आयाला सांग, तू इंजेक्शनं बघ." मी ऐकलं. आठवड्यात आजोबांच्या माकडहाडापाशी जखम झाली. ती माझ्या हातून झाली, असंच मी आजही मानते. केसबुकात तिची नोंद कुठेच नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटीच्या वर होती. आरोग्य विद्यापीठ १९९८पासून आपल्याच नाशकात आहे. तिथल्या आणि सगळ्याच कॉलेजांतल्या ट्यूटरबाईंना माझं सांगणं आहे: पहिल्याच वर्षी मुलीला म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी न्या, स्वतः शेजारी उभ्या राहा. पाठ कोरडी आहे ना ते बघा, आणि मगच तिच्या केसबुकात सही करा.