सहीतली चांदणी

आज जरा लांबच्या गावाची गोष्ट सांगतोय. नेदरलँड्समधलं हार्लेम. आम्ही तिथं गेलेलो नाही, वाचून सांगतोय.

या गावात 1609 साली म्हाताऱ्या, निराधार पुरुषांसाठी एक मोठं घर बांधलं. पुढे तिथं अनाथाश्रम झाला, आणि 1913 पासून त्याच वास्तूत फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावाचं संग्रहालय आहे. हाल्सने ऐंशी उलटल्यावर, 1664 च्या सुमारास, या वृद्धाश्रमाचा कारभार बघणाऱ्या बायांचं चित्र काढलं. काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, चेहऱ्यावर हसू नाही. ज्या घराचा कारभार त्यांनी पाहिला, त्याच घराच्या भिंतीवर आज त्या आहेत. आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाई महिनाअखेरीला वही तपासताना अगदी अशाच दिसतात!

पण आज सांगायचंय ते यूडिथ लाइस्टरबद्दल. तीही 1609 चीच, याच गावची. वडील बिअर गाळायचे, धंदा बुडाला. पोरगी चित्रं काढायला शिकली. त्या काळी चित्रकारांचा संघ असायचा. त्याचं सभासदत्व असल्याशिवाय स्वतःचा कारखाना काढता येत नसे, शिष्य ठेवता येत नसत. 1633 साली संघाने तिला उस्ताद म्हणून घेतलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं.

आणि बाई नमती घेणारी नव्हती. तिचा एक शिष्य थोड्याच दिवसांत तिला सोडून हाल्सच्या कारखान्यात गेला. हाल्स म्हणजे गावातलं मोठं नाव. तरी 1635 साली हिने संघाकडे तक्रार केली. मुलाच्या आईला लाइस्टरला भरपाई द्यावी लागली, पण तिने मागितली होती त्याच्या निम्मीच. हाल्सलाही दंड झाला. मात्र शिष्याची नोंद संघात केली नाही म्हणून दंड हिलाही झाला. नोंदवही कोरी ठेवली की काय होतं, ते तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

1636 मध्ये तिने यान मोलेनार या चित्रकाराशी लग्न केलं. पाच मुलं झाली. त्यानंतरची तिची चित्रं फार थोडी सापडतात. 1660 साली ती वारली. पुढे नवराही गेला, तेव्हा घरातल्या वस्तूंची यादी झाली. त्यात काही चित्रांपुढे लिहिलंय, 'मयताच्या बायकोची'. नाव नाही. संघात उस्ताद असलेली बाई, आणि घरच्या यादीत कोणाची तरी बायको!

मग जवळजवळ दोनशे वर्षं तिची चित्रं हाल्सची म्हणून विकली गेली. हाल्सच्या नावाला भाव होता ना. आमचं लोणचंही एका दुकानात दुसऱ्याच्या लेबलाखाली विकलेलं आम्ही पाहिलंय, म्हणून हे वाचताना पोटात कालवलं.

सापडलं कसं? सहीवरून. लाइस्टर म्हणजे वाट दाखवणारा तारा. ती आपल्या नावाची दोन आद्याक्षरं एकमेकांत गुंफायची आणि बाजूला चांदणी काढायची. हाल्सचं म्हणून घेतलेल्या एका चित्रावर ही खूण दिसली, आणि ते चित्र कोणाचं यावरून कोर्टकज्जा झाला. 1893 साली एका डच अभ्यासकाने ती खूण यूडिथचीच, हे दाखवून दिलं आणि तिची आणखीही चित्रं ओळखली. विकत घेणाऱ्याला मात्र आनंद झाला नाही, त्याला पैसे परत हवे होते. चित्र तेच होतं बरं का.

तिच्यावरचं पहिलं मोठं प्रदर्शन 1993 साली भरलं, हार्लेमच्या त्याच संग्रहालयात, हाल्सच्या नावाच्या घरात. तिचं स्वतःचं चित्र मात्र अमेरिकेत वॉशिंग्टनला आहे. भलीमोठी कडक कॉलर घालून ती रंगवायला बसलीय. असा कपडा घालून रंगकाम कोण करतं? पण तोंड आपल्याकडे वळवलंय, हातात कुंचला आहे, आणि बोलता बोलता थांबल्यासारखी हसतेय.