कुलूप कशाला लावायचं?

आमच्या वडनेरकडे बाजारात टरबूजवाला एक फोड कापून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. आवडली तर टरबूज घ्या, नाही तर पुढे व्हा. फोड खाल्ली म्हणून कोणी ढीग उचलून नेत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याची पंचाईत अशी, की चाखायला द्यायचं तर बहुधा अख्खं फळच द्यावं लागतं आणि त्याच्या हुबेहूब नकला घडीभरात होतात. मग तीस दिवसांसाठी दिलेलं कायमचं वापरलं जाऊ नये, म्हणून काय करायचं? या प्रश्नाला आता पन्नास वर्षं होत आली.

सुरुवात भांडणानं झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सनं संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर संगणकासाठी त्यानं सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या ‘बेसिक’च्या कागदी फितींच्या नकला सर्रास फिरत होत्या. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असा त्याचा सरळ आरोप होता.

१९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमननं उलटी वाट धरली. त्याचं ‘पीसी-टॉक’ कुणीही उतरवून घ्यावं, वाटावं आणि उपयोगी वाटलं तर २५ डॉलर पाठवावेत. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेसनं ‘पीसी-राइट’ आणलं आणि ‘शेअरवेअर’ हा शब्द रुळला. नोंदणीचे ७५ डॉलर. पण तुमच्या प्रतीवरून दुसऱ्यानं नोंदणी केली, तर तुम्हाला २५ डॉलर परत. नक्कल करणाराच विक्रेता झाला!

सगळ्यांचा भरवसा मात्र इतका नव्हता. कुलपं आली. आम्हा कापूसवाल्यांना ही कल्पना नवी नाही. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचं एच-४ हे संकरित कपाशीचं वाण आलं. संकरित वाणाची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली, तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. तिथे कुलूप निसर्गाचं आहे, सॉफ्टवेअरमध्ये ते लिहावं लागलं. पहिल्या वापराची तारीख कोपऱ्यात लपवून ठेवायची आणि मुदत संपली की काम बंद. लोक संगणकाचं घड्याळ मागे फिरवू लागले. मग शेवटच्या वापराची तारीखही नोंदली जाऊ लागली. पुढे इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्राला विचारून परवानगी घेण्याची पद्धत आली.

कुलूप किती भरकटू शकतं, ते १९८६ मध्ये लाहोरनं दाखवलं. बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला ओळखण्यासाठी तो होता, असं ते सांगत. त्यात त्यांचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही होता. पण फ्लॉपीवर बसून तो देशोदेशी गेला आणि ज्यांनी काही चोरलं नव्हतं, त्यांच्याही फ्लॉपींत शिरला.

आपल्याकडे १९८४ च्या दुरुस्तीनं संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ ठरला, म्हणजे कवितेच्याच खान्यात बसला. १९९४ च्या दुरुस्तीनं चोरट्या प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्याला किमान सात दिवस कैदेची तरतूद केली. २०१२ मध्ये चोरीच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हाही गुन्हा झाला.

मराठी अक्षरांची गोष्ट याच वाटेनं गेली. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावं लागे, त्यामुळे नुसती फ्लॉपी उतरवून भागत नसे. पुण्याच्याच ‘श्रीलिपी’बरोबर हार्डवेअर लॉक येई. ते लावल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. बनवणाऱ्यांचं काय चुकलं? मराठीची बाजारपेठ लहान. एक प्रत फुटली की गावोगावच्या छापखान्यांत पोचणार. अक्षर घडवणाऱ्याच्याही घरी चूल असते.

अडचण दुसरीकडे होती. प्रत्येक कंपनीच्या फाँटचं अक्षरांचं गणित वेगळं. त्या फाँटशिवाय फाइल उघडली, तर ‘आई’च्या जागी भलतीच चिन्हं दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० बरोबर ती ‘मंगल’ फाँटमधून घरोघरच्या संगणकांत येऊ लागली. तोवर किती पुस्तकं, किती अंक जुन्या फायलींत अडकले! माझाही एक संग्रह त्यांत आहे. छापखाना बंद झाला, कुलूप हरवलं. कविता माझी, पण मलाच वाचता येत नाही.

म्हणून मला वाटतं, कुलूप अवजाराला असावं, अवजारानं केलेल्या कामाला नसावं. सुताराकडून आणलेला रंधा मुदत संपल्यावर त्यानं खुशाल परत न्यावा. मी त्यानं घडवलेली चौकट उचलून नेऊ नये. मुदत संपली तर नवं लेखन थांबवा, पण जुनं वाचू द्या, बाहेर काढू द्या. ‘विनरार’ची चाळीस दिवसांची मुदत संपली, तरी ते आठवण करून देतं आणि फाइल उघडतंच.

आपलंही काही देणं लागतं. आवडलं तर दाम मोजावा. आमच्या घरात विश्वासानं सोपवलेल्या वस्तूला अमानत म्हणतात. चाखायला दिलेलं सॉफ्टवेअर ही आपल्याकडे अमानत आहे, तसे त्यात लिहिलेले आपले शब्द ही बनवणाऱ्याकडे अमानत आहेत.