अकोल्याचे कृषी विद्यापीठ : विदर्भाने लढून मिळवलेले

१/ वाशिम जिल्ह्यातील अनसिंगच्या शेतकऱ्यासाठी कृषी विद्यापीठ म्हणजे अकोला. १९९८ पर्यंत अनसिंगही अकोला जिल्ह्यातच होते. मात्र हे विद्यापीठ सहजासहजी मिळालेले नाही.

२/ महाराष्ट्रातील पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते अकोल्यास व्हावे म्हणून विदर्भात उग्र आंदोलन पेटले होते. गोळीबारात आंदोलकांचे प्राण गेले.

३/ अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. त्यास नाव लाभले ते देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे. ते १९६५ मध्येच निवर्तले होते.

४/ शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही विद्यापीठाची तीन कामे. संशोधनातून कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन यांचे वाण निघाले. विस्तार म्हणजे ते ज्ञान बांधापर्यंत नेणे. ‘शिवार फेरी’त शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उभे पीक स्वतः पाहतात आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात.

५/ ज्यासाठी माणसे गेली, त्याचा हिशेब अनसिंगसारख्या कोरडवाहू शिवारातच मांडावा लागतो : योग्य वाण आणि योग्य सल्ला पेरणीपूर्वी तेथे पोहोचला का?