मान वाकडी, जबडा आखडला : हा ‘असर’ नाही, औषधाचा दुष्परिणाम असू शकतो

उलटीची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत मुलाची मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर चढतात. घरात कुणी फिट म्हणतं, कुणी ‘बाहेरचा असर’. कारंजातल्या आपल्या कुटुंबांनी यामागचं कारण समजून घ्यावं, म्हणून ही माहिती देत आहोत.

मेंदूत काय होतं?
हालचाल सुरळीत राहावी म्हणून मेंदूच्या खोल भागात डोपामिन आणि ॲसिटिलकोलिन या रसायनांचा तोल लागतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन, चक्करसाठीचं सिनारिझिन ही औषधं डोपामिनची जागा अडवतात. मग तोल बिघडतो.

केव्हा काय दिसतं?
• काही तास ते दिवस : मान, जबडा, डोळे आखडणं, मुलं व तरुणांत जास्त.
• दिवस ते आठवडे : एका जागी बसवत नाही, सतत येरझारा.
• आठवडे ते महिने : हात थरथरणं, चाल मंदावणं; वयस्करांत जास्त.
• महिने ते वर्षं : ओठ, जीभ, जबडा आपोआप हलणं. अडवलेल्या डोपामिनला मेंदू जास्तच संवेदनशील होतो, असं यामागचं कारण मानलं जातं.

हे कळलं कसं?
1931 मध्ये डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून काढलेल्या द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमालिन’ म्हटलं. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलंच रेसरपिन घेणाऱ्या काहींना कंपवातासारखा त्रास झाला. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं, तेव्हा ते पुन्हा हलू लागले. रेसरपिन मेंदूतलं डोपामिन रिकामं करतं, हे त्यातून उलगडलं. त्यांना 2000 साली नोबेल मिळालं.

काय करावं?
गोळ्यांचं पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात जा. अचानक आखडलेली मान योग्य इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात सुटते. श्वास अडत असेल, किंवा तापासोबत अंग ताठ होऊन शुद्ध हरपत असेल, तर 108 ला फोन करा. मानसिक आजाराची औषधं मात्र मनाने बंद करू नका, आजार उलटतो. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. थरथर थांबवणारी गोळीही स्वतःहून घेऊ नका. जुन्या जीभ-ओठांच्या त्रासात ती नुकसान करू शकते. मानसिक आरोग्याच्या मोफत सल्ल्यासाठी टेली-मानस : 14416.

दुआ जरूर करा, पण दवाखान्याला उशीर नको. आणि ज्या औषधाने त्रास झाला त्याचं नाव लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना ते सांगा.