आधी तुझे उत्तर

कॉलेजात मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही ओळखीची मुले लिहिलेले दाखवायला घरी येतात. मागच्या वर्षी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने असाच निबंध आणला. भाषा सफाईदार, मुद्दे नेटके. दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून मी विचारले, "याचा अर्थ काय रे?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "सर, मी चॅटजीपीटीला विचारलं होतं."

मला राग आला नाही. आमच्या वेळी गाइडे होती, अपेक्षित प्रश्नसंच होते. उसने उत्तर काही आजचे नाही. आणि शिकवणारे यंत्रही आजचे नाही.

१९५३ साली हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताच्या तासाला जाऊन बसले. मुले गणिते सोडवत होती. पण आपले बरोबर की चूक, हे त्यांना लगेच कळत नव्हते. स्किनर यांनी त्यावर एक यंत्र तयार केले. खिडकीत प्रश्न दिसायचा. उत्तर पट्टीवर लिहून कळ सरकवली, की खरे उत्तर पुढे यायचे. पण तोवर आपले उत्तर झाकणाखाली गेलेले असायचे. खाडाखोडीला वाव नाही! पुढे १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकावरून शिकवण्याची पद्धत सुरू केली.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९८४मध्ये आकड्यांत मांडले. एकट्याला शिक्षक मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी, नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असे त्यांना आढळले. पण प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक द्यायचा कुठून?

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि तो शिक्षक सापडला, असे अनेकांना वाटले. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर त्याचा प्रयोग झाला. साधे चॅटजीपीटी वापरणाऱ्यांनी सरावात ४८ टक्के जास्त यश मिळवले. मात्र परीक्षेत ते काढून घेताच, ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्के मागे पडली. थेट उत्तर न देता केवळ सूचना करणारे यंत्र ज्यांना दिले होते, त्यांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही.

याउलट २०२३मध्ये हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. तिथल्या यंत्राला ताकीद होती : सगळे उत्तर एकदम सांगायचे नाही, एकेक पायरी चढवायची. ते विद्यार्थी वर्गातल्यांपेक्षा कमी वेळात अधिक शिकले.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, क्रमाचा आहे. स्किनर यांच्या यंत्रात आधी विद्यार्थ्याचे उत्तर होते. आज यंत्राचे उत्तर आधी येते आणि विद्यार्थ्याचे येतच नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "आधी तू लिही, मग त्याला विचार." आठवड्याने तो दोन पाने घेऊन आला. चार चुका होत्या. पण त्या त्याच्या स्वतःच्या होत्या, म्हणून आम्हाला त्यांवर बोलता आले. तासभर बोललो.